नर्सिंगच्या पहिल्या वर्षात आपली मुलगी काय शिकते?



बारावीचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत एक मागणी हमखास येते. "पोरीला नर्सिंगला घालायचंय, कर्ज पाहिजे." मग रक्कम किती, हप्ता किती, परतफेड कशी, यावर तासभर बोलणं होतं. ते व्हायलाच पाहिजे. पण पोरगी तिथं जाऊन नक्की काय शिकणार असं विचारलं, तर उत्तर येतं, "सुई टोचायला, बीपी बघायला, डॉक्टरच्या हाताखाली काम करायला." बहुतेक मुलीसुद्धा तेवढंच सांगतात.

म्हणून या अंकातला पाठ नर्सिंगच्या पायावर आहे. कोणत्याही मान्यताप्राप्त नर्सिंग कॉलेजात पहिल्याच वर्षी हा पाया शिकवतात. बीएस्सी नर्सिंगला तर 'नर्सिंग फाउंडेशन' नावाचा विषयच असतो. त्यात काय असतं हे आईला माहीत असलं, तर खरं कॉलेज कोणतं आणि नुसता पांढरा कोट देणारं दुकान कोणतं, हे तिला ओळखता येतं. शिवाय यातलं बरंचसं आपल्या घरातही उपयोगी पडतं. अंथरुणाला खिळलेली सासू, तापानं फणफणलेलं लेकरू, ऑपरेशन होऊन आलेला नवरा, यांची नर्स घरात दुसरी कोण असते? आपणच.

डॉक्टरच्या हाताखाली नाही, शेजारी

डॉक्टर विचारतात, आजार कोणता आणि औषध कोणतं. नर्सचा प्रश्न वेगळा असतो. या आजारात हा माणूस आजचा दिवस कसा काढतोय? श्वास नीट घेतोय का, खाल्लं का, लघवी-संडास झाली का, झोप लागली का, कूस बदलता येते का, घाबरलाय का? व्हर्जिनिया हेंडरसन नावाच्या अमेरिकन नर्सबाईंनी माणसाच्या अशा १४ मूलभूत गरजा मांडल्या. त्यात श्वास आणि जेवणखाण आहे, तसं आपल्या मनातलं बोलता येणं, आपल्या श्रद्धेप्रमाणे वागता येणं, काहीतरी काम केल्याचं समाधान आणि थोडी करमणूकसुद्धा आहे. जे माणसाला एरवी स्वतःचं स्वतः करता येतं पण आजारात करता येत नाही, ते त्याच्यासाठी करायचं, आणि लवकरात लवकर त्याचं त्याला करता येईल असं बघायचं. नर्सिंगचा गाभा हा.

यातला दुसरा भाग आपण घरी विसरतो. माणूस आजारी पडला की आपण त्याला भरवतो, उचलतो, पाण्याचा पेलाही तोंडाला लावतो. नर्सिंगची विद्यार्थिनी शिकते की ज्याला चमचा धरता येतो त्याच्या हातात चमचा द्यायचा, सांडलं तरी चालेल.

कामाची एक ठरलेली रीतही तिला शिकवतात. आधी पेशंटला नीट बघायचं, त्याला आणि घरच्यांना विचारायचं. त्यातून त्याची अडचण काय ते ठरवायचं. मग काय करायचं याची आखणी, मग कृती, आणि शेवटी फरक पडला का हे तपासायचं. नाही पडला तर पुन्हा पहिल्यापासून. आपण गटात उपजीविकेचा आराखडा करतो तेव्हा हेच करत नाही का? आधी घराची स्थिती बघतो, मग शेळी की शिलाई मशीन ते ठरवतो, आणि सहा महिन्यांनी उत्पन्न वाढलं का ते विचारतो. फरक इतकाच की नर्सला हे सगळं एका ड्युटीत, कितीतरी माणसांसाठी करायचं असतं.

बघायला शिकणं

ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब. शरीराच्या या चार खुणा मोजायला पहिल्या वर्षी घोटून घेतात. मोठ्या माणसाची नाडी बसल्या जागी मिनिटाला ६० ते १०० च्या दरम्यान असते, श्वास १२ ते २०, ताप साधारण ९८.६ फॅरनहाइट, बीपी १२०/८० च्या आसपास. आकडे पाठ करायला एक दिवस पुरतो. मोजायचं कसं, ते शिकायला वेळ लागतो.

श्वासाचंच घ्या. "आता मी तुमचा श्वास मोजते" असं सांगितलं की माणूस लगेच वेगळा श्वास घ्यायला लागतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगटावरची बोटं काढायची नाहीत. पेशंटला वाटतं नाडीच बघतेय. तेवढ्यात छाती वर-खाली होताना बघून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. किती साधी युक्ती आहे! पण कोणीतरी शिकवल्याशिवाय सुचत नाही.

बीपीचंही तसंच. माणूस जिना चढून आला, चहा पिऊन आला, की लगेच पट्टा बांधून काढलेला आकडा खरा नसतो. पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठीला टेकू द्यायचा, हात छातीच्या उंचीवर ठेवायचा, पट्टा ब्लाउजच्या किंवा स्वेटरच्या बाहीवरून बांधायचा नाही, मोजताना बोलायचं नाही. पुढच्या वेळी गावात तपासणी शिबिर लागेल तेव्हा हे लक्षात ठेवा, आणि घाई होत असेल तर "ताई, दोन मिनिटं बसू द्या" असं बिनधास्त सांगा.

लेकराच्या बाबतीत श्वास मोजण्याला फार किंमत आहे. सर्दी-खोकला झालेल्या मुलाचा श्वास, ते शांत असताना, पूर्ण मिनिटभर मोजायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त भरला, तर तो न्यूमोनिया असू शकतो. छाती आत ओढली जात असेल, बाळ दूध पीत नसेल, तर आकडाही मोजत बसू नका. दवाखाना गाठा. आपल्या आशा ताईंना हे आकडे माहीत असतात. आईलाही माहीत असावेत असं मला वाटतं, कारण रात्री दोन वाजता बाळाजवळ आईच असते.

हात धुण्याची गोष्ट

नर्सिंगच्या मुलीला पहिल्या आठवड्यात काय शिकवलं असं विचारा. ती म्हणेल, हात धुवायला. घरचे हसतात. एवढे पैसे भरले ते हात धुवायला?

ही गोष्ट वाचा. १८४७ साल, युरोपातलं व्हिएन्ना शहर. तिथल्या मोठ्या दवाखान्यात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एका विभागात डॉक्टर आणि डॉक्टरकीचे विद्यार्थी बाळंतपणं करायचे, दुसऱ्यात सुईणी शिकायच्या. डॉक्टरांच्या विभागात बाळंतपणानंतर ताप येऊन मरणाऱ्या बायका सुईणींच्या विभागापेक्षा कितीतरी जास्त. बायकांना हे ठाऊक होतं. पहिल्या विभागात घालू नका म्हणून त्या रडायच्या, हातापाया पडायच्या. इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरनं याचं कारण शोधलं. डॉक्टर मंडळी सकाळी मेलेल्यांची चिरफाड करायची आणि त्याच हातांनी बाळंतिणींना तपासायची. सुईणी प्रेतांच्या खोलीत जात नव्हत्या. त्यानं क्लोरीनच्या पाण्यात हात धुण्याचा नियम लावला आणि त्या विभागातले मृत्यू झपाट्यानं खाली आले. जंतू म्हणजे काय हे तेव्हा कोणालाच धड माहीत नव्हतं. आपल्याच हातांनी बायका मेल्या हे मानायला मात्र पुष्कळ डॉक्टर तयार झाले नाहीत.

म्हणून हात धुणं हा नर्सच्या कामाचा पहिला पाठ. साबण-पाण्यानं धुवायचे तर सगळं मिळून ४० ते ६० सेकंद. तळवे, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांची टोकं. कधी धुवायचे हेही ठरलेलं आहे. पेशंटला हात लावण्याआधी, जखम बांधणं किंवा सुई देणं अशा स्वच्छ कामाआधी, रक्त-लघवी-थुंकीशी संबंध आल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर, आणि पेशंटच्या पलंगाला-सामानाला हात लावून झाल्यावर. ग्लोव्हज घातले म्हणून हात धुणं चुकत नाही.

आणि हे फक्त पेशंटसाठी नाही. सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करताना त्याच रोगानं गेल्या. प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो हे १८९८ मध्ये कळलं. म्हणजे त्या कशाशी झुंजत होत्या हे तेव्हाच्या जाणकारांनाही पुरतं माहीत नव्हतं. आजच्या मुलीला ते माहीत असतं, आणि स्वतःला जपणं हा तिच्या शिक्षणाचाच भाग आहे. वापरलेल्या सुईवर टोपण परत बसवायचं नाही. सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, सलाईनच्या नळ्या लाल पिशवीत, रक्ताची पट्टी-कापूस पिवळ्या पिशवीत, काच निळ्या खोक्यात. सुई टोचलीच तर ती लपवायची नाही, लगेच धुवून सांगायचं. कावीळ 'ब' ची लस वॉर्डात जाण्याआधी घ्यायची. मुलगी कॉलेजात गेली की पहिल्या महिन्यातच विचारा, "लस दिली का गं?" नाही म्हणाली तर कॉलेजला विचारा.

कूस बदलणं, म्हणजे काय मोठं?

मोठंच आहे. एकाच कुशीवर पडून राहिलं की हाडाखालच्या कातडीचं रक्त दबतं आणि तिथं जखम होते. माकडहाड, टाचा, खुबे, खांद्याची हाडं, डोक्याची मागची बाजू, या जागा. आधी नुसती लाली दिसते, मग कातडी सोलते, मग खड्डा पडतो आणि भरता भरत नाही. उपाय म्हणजे साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीला सुरकुती ठेवायची नाही, अंग कोरडं ठेवायचं. पेशंटला ओढायचं नाही, दोघींनी चादरीसकट उचलून सरकवायचं. लाल झालेल्या जागी चोळायचं नाही. आपण नेमकं तेच करतो, तेल लावून चोळतो. त्यानं आतली इजा वाढते.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानबाग यांच्याबद्दल तुम्ही ऐकलं असेल. २७ नोव्हेंबर १९७३ ला रुग्णालयातल्याच एका सफाई कामगारानं त्यांच्यावर अत्याचार केला, गळा आवळल्यामुळे मेंदूला इजा झाली. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली जवळपास ४२ वर्षं केईएमच्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली. भरवणं, पुसणं, कूस बदलणं चालूच राहिलं. त्यांच्या दयामरणाच्या खटल्याचा निकाल २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात लागला, तेव्हा न्यायालयानं या नर्सेसच्या सेवेचं मनापासून कौतुक केलं. "कूस बदलणं हे काय काम आहे का" असं कोणी म्हणालं, तर त्याला ही ४२ वर्षं सांगा.

"तुमचं नाव काय?"

औषध देण्याआधी नर्सनं पाच गोष्टी जुळवायच्या असतात. माणूस तोच, औषध तेच, मात्रा तीच, देण्याची वाट तीच (तोंडानं, स्नायूत की शिरेत), आणि वेळ तीच. ऐकायला सोपं वाटतं. पण आपल्याकडचा वॉर्ड डोळ्यांसमोर आणा. तीन मंगल, दोन शोभा, अर्धा वॉर्ड एकाच आडनावाचा. गुंगीत असलेल्या बाईला "तुम्ही मंगलताई ना?" असं विचारलं तर ती मान हलवणारच. "शोभा ना?" विचारलं तरी हलवेल! म्हणून विद्यार्थिनीला शिकवतात की नाव सांगून विचारायचं नाही. "तुमचं पूर्ण नाव काय?" असं विचारून पेशंटकडून वदवून घ्यायचं आणि केस पेपरशी जुळवायचं.

आपण पेशंट किंवा नातेवाईक म्हणून गेलो आणि सिस्टरनं तिसऱ्यांदा नाव विचारलं, तर चिडू नका. ती तिचं काम नीट करतेय. उलट न विचारता सुई टोचायला आली, तर आपण विचारावं, "सिस्टर, हे कशाचं आहे?" हा आपला हक्क आहे.

आणि डॉक्टरनं लिहिलेली मात्रा वाचता आली नाही किंवा जास्त वाटली तर? तर नर्सनं अंदाजानं द्यायचं नाही. परत विचारायचं. डॉक्टर चिडले तरी विचारायचं. कारण औषध तिच्या हातून जातं आणि त्याचा जाब तिलाही द्यावा लागतो. आपण मुलींना लहानपणापासून "उलट बोलू नको" शिकवतो, आणि इथं तिच्या धंद्याची पहिली अट आहे की शंका आली तर बोल. पहिल्या वर्षाच्या मुलींना सुईपेक्षा हेच जड जातं, असं मला त्यांच्याशी बोलताना जाणवलं. घरात थोडी सवय लावली तर बरं.

लिहिलं नाही तर झालं नाही

हे आपल्याला नव्यानं सांगायला नको. पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र काय? नियमित हिशोब लिहिणं. कोणी तोंडी म्हणालं "मी हप्ता भरला होता" आणि पासबुकात नोंद नाही, तर पुढे काय होतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

नर्सचंही तसंच. ताप किती वाजता किती होता, औषध कधी दिलं, पाणी किती प्यायली, लघवी किती मिली झाली, पेशंट काय म्हणाली, सगळं वेळ घालून सही करून लिहायचं. आधीच लिहून ठेवायचं नाही, दुसरीच्या वतीनं सही करायची नाही. चूक झाली तर खाडाखोड करून झाकायची नाही, वाचता येईल अशी एक रेघ मारून बरोबर ते लिहायचं आणि सही करायची. ड्युटी संपली की पुढच्या सिस्टरला पेशंटच्या पलंगाजवळ उभं राहून 'ओव्हर' द्यायची, म्हणजे कोणाचं काय चाललंय ते सांगून सोपवायचं.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की आपल्याला हातात दिवा घेतलेली बाई आठवते. नर्सिंगच्या मुलींचा दिवे लावून शपथ घेण्याचा कार्यक्रम असतो तो तिच्याच आठवणीनं. (शपथ मात्र तिनं लिहिलेली नाही, १८९३ मध्ये अमेरिकेत तयार झाली.) पण दिव्याइतकीच तिची वही मोठी होती. १८५४ मध्ये ती क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांच्या दवाखान्यात गेली. पुढे आकड्यांचे तक्ते मांडून तिनं सरकारला दाखवलं की सैनिक जखमांपेक्षा घाणीतून होणाऱ्या रोगांनी जास्त मरतायत. नुसती तळमळ सांगितली असती तर कोणी ऐकलं असतं की नाही कोण जाणे. १८६० मध्ये तिच्या पुढाकारानं लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नर्सेसची शाळा सुरू झाली. आपण लेखे लिहायला कंटाळतो ना, तेव्हा मला ही बाई आठवते.

सांगून, विचारून, झाकून

कोणत्याही पेशंटला हात लावण्याआधी आपण कोण, काय करणार, कशासाठी, हे सांगायचं आणि त्याची हो घ्यायची. पडदा ओढायचा. लागेल तेवढंच अंग उघडायचं. पेशंटचा आजार बाहेर कोणाजवळ बोलायचा नाही, एसटीत नाही, व्हॉट्सअॅपवर नाही, आपल्या आईजवळसुद्धा नाही. समाजकार्याच्या शिक्षणात आम्हालाही हाच नियम असतो, आणि गावात तो पाळणं शहरापेक्षा कठीण आहे हे मी रोज बघते. म्हणून तायांनो, मुलगी सुट्टीला आली की "अगं, ती अमक्याची सून अॅडमिट होती, काय झालं होतं तिला?" असं विचारू नका. तिनं सांगितलं नाही तर ती गर्विष्ठ झाली असं समजू नका.

"परक्या पुरुषाला हात लावावा लागतो, लग्न जमेल का?" ही काळजी नवी नाही. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि बायकांना नर्सिंगच्या शिक्षणाला पाठवायला लागल्या, तेव्हाही लोकांनी हेच बोलून दाखवलं. शंभरावर वर्षं झाली. पडदा, परवानगी आणि ठरलेली पद्धत असली की तो स्पर्श कामाचा असतो, पेशंटलाही ते कळतं.

सुरक्षिततेची काळजी मात्र खरी आहे. अरुणाताईंवर हल्ला त्यांच्या कामाच्या जागीच झाला होता. त्यामुळे होस्टेल कसं आहे, रात्रपाळीला जायची-यायची सोय काय, कपडे बदलायची खोली बंद होते का, हे प्रवेशाआधी जाऊन बघा. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शिकाऊ मुलींनाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती असावीच लागते. तिची नावं भिंतीवर लावलेली दिसली पाहिजेत.

पैसे भरण्याआधी

आता कर्जाचं. आपल्या भागातल्या एका ताईंनी गटातून आणि सोनं मोडून मुलीला 'नर्सिंग'ला घातलं. वर्षभराचा कोर्स, भाड्याच्या दोन खोल्या, आठवड्यातून तीन दिवस तास. दवाखान्यात शिकायला पाठवलं ते थेट फरशी पुसायला आणि सलाईन बदलायला. शेवटी छान रंगीत सर्टिफिकेट मिळालं. ते घेऊन मुलगी नोकरीला गेली तेव्हा पहिला प्रश्न आला, "रजिस्ट्रेशन नंबर काय?" तो नव्हता, आणि त्या कोर्सवर कधी मिळणारही नव्हता. ताईंच्या कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. पोरगी हुशार आहे, हात चांगला आहे, पण नर्स म्हणून तिला कुठं उभं राहता येत नाही.

महाराष्ट्रात नर्स म्हणून काम करायला महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी लागते. ती देणारे मुख्य कोर्स तीन. एएनएम दोन वर्षांचा, फक्त मुलींसाठी, बारावीच्या कोणत्याही शाखेला चालतो. आपल्या उपकेंद्रातल्या सिस्टर बहुतेक एएनएमच असतात. जीएनएम तीन वर्षांचा, बारावीनंतर. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा, त्याला बारावी सायन्स जीवशास्त्रासह लागतं आणि प्रवेश परीक्षा असते. एएनएम-जीएनएमची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं, बीएस्सीची नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. संस्थेला सरळ विचारा, परीक्षा कोण घेणार? "आमची आम्ही घेतो" म्हणाले तर चपला घाला आणि निघा. संस्थेचं नाव परिचर्या परिषदेच्या यादीत आहे का, ते सीआरपी ताईंच्या मोबाइलवर बघून घ्या. २०२३ मध्ये संसदेनं नर्सिंगसाठी नवा राष्ट्रीय आयोगाचा कायदा केलाय, त्यामुळे पुढे परिषदांची नावं बदलू शकतात. नोंदणीची अट काही सुटणार नाही.

पेशंटच्या देखभालीचे काही महिन्यांचे कोर्सही असतात, जनरल ड्युटी असिस्टंट वगैरे. ते खोटे नाहीत. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत असा कोर्स मोफत असतो आणि त्यातून मुलींना काम मिळतं. पण ते काम मदतनिसाचं, नर्सचं नाही. मदतनिसाच्या कोर्सला नर्सिंगची फी मागत असतील तर तिथंच थांबा.

फीचं आणखी एक. २०२४ पासून राज्य सरकारनं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक शिक्षणाच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे, पण ती सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या जागेला. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी शिष्यवृत्ती वेगळ्या आहेत. आपल्या कोर्सला आणि कॉलेजला काय लागू होतं हे पैसे भरण्याआधी कॉलेजकडून लेखी घ्या. एजंटच्या हातात मूळ मार्कशीट देऊ नका.

पुढच्या बैठकीत करून बघा

दोघी-दोघींच्या जोड्या करा. अंगठ्याच्या बाजूला, मनगटावर तीन बोटं ठेवून एकमेकींची नाडी पूर्ण मिनिट मोजा. अंगठ्यानं मोजू नका, त्यात आपलीच नाडी लागते. मग न सांगता श्वास मोजा आणि दोन्ही आकडे वेळ घालून लिहा. सचिव ताईंनी घड्याळ धरावं.

नंतर बोला. आपल्या गटातून गेल्या तीन वर्षांत मुलींच्या कोणत्या कोर्ससाठी कर्ज दिलं, त्यातल्या किती मुलींचा कोर्स पूर्ण झाला आणि किती जणींना नोंदणी क्रमांक मिळाला? शिक्षणासाठी कर्ज देताना संस्थेच्या मान्यतेचा कागद अर्जाला जोडायचा असा ठराव करायचा का? आणि कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे का, दिवसातून एकदा कूस बदलायला दुसरी कोण जाऊ शकेल?

जे ठरेल ते इतिवृत्तात लिहा. महिनाअखेरीला ग्रामसंघाच्या बैठकीला येईन तेव्हा मी वाचून घेईन.